चार स्टिकर आणि पन्नास टक्के

आमच्या घरात माझ्या नावावर मोजून तीन गोष्टी आहेत. विजेचं मीटर, गॅसचं कनेक्शन आणि पन्नास टक्के नो क्लेम बोनस. पहिल्या दोन वडिलांकडून आल्या. तिसरी मात्र मी स्वतःच्या हिमतीवर मिळवली, आणि मुलुंडमध्ये माझ्या ओळखीचा असा एकही माणूस नाही ज्याला मी ती सांगितलेली नाही.

ज्यांना सांगायची राहिली त्यांच्यासाठी थोडक्यात. गाडीचा विमा उतरवल्यावर वर्षभर कंपनीकडे भरपाईचा एक पैसा मागितला नाही, की पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. सलग पाच वर्षं तोंड मिटून बसलात तर ती वाढत वाढत पन्नास टक्क्यांवर जाते आणि तिथे थांबते. त्याच्या वर काही नाही. शाळेत पन्नास टक्के मिळाले तेव्हा घरात तीन दिवस कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. इथे मात्र पन्नास म्हणजे बोर्डात पहिला. फक्त एक गोची आहे. मध्ये एकदा जरी भरपाई मागितली, तरी सूट थेट शून्यावर.

गाडी सहा वर्षांची, चंदेरी रंगाची, छोटीच. ती आमच्या सोसायटीच्या इमारतीखाली, खांबांच्या मधल्या जागेत उभी असते. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची कव्हर घातलेली स्कूटर. मी ऑफिसला मरोळला जातो तो बस आणि मेट्रोने. गाडी निघते रविवारी, तीही मी म्हणेन तिथे, मी म्हणेन त्या स्पीडने. बायको या प्रकाराला ‘पालखी’ म्हणते.

आमची गाडी बघून लोकांना वाटतं, फार देवभोळी माणसं दिसतात. डाव्या मागच्या दरवाजावर मोठा गणपती. पुढच्या बंपरच्या कोपऱ्यावर स्वस्तिक. डिकीच्या झाकणावर ‘कुलदैवत प्रसन्न’, आणि ड्रायव्हरच्या बाजूला चाकाच्या वर लांबलचक अक्षरांत ‘आईचा आशीर्वाद’. चारही स्टिकर मी वेगवेगळ्या वेळी आणले, स्वतःच्या हातांनी लावले, आणि लावताना कुणाला जवळ येऊ दिलं नाही. बायकोला त्याचं कौतुकच वाटलं. घरात उदबत्ती लावायचा कंटाळा करणारा माणूस निदान गाडीच्या बाबतीत तरी श्रद्धाळू आहे, असं ती तिच्या बहिणीला फोनवर सांगताना मी ऐकलंय. दर दसऱ्याला ती गाडीला झेंडूचा हार घालायची आणि चारही स्टिकरांना हळदकुंकू वाहायची. मी बाजूला हात जोडून उभा. माझे डोळे मिटलेले असायचे, कारण ते उघडे ठेवून उभं राहण्याची माझी हिंमत नव्हती.

का, ते पुढे येईलच.

यंदा मे महिन्यात विम्याची मुदत संपत असल्याचे मेसेज सुरू झाले. एरवी हा विषय दहा मिनिटांत संपायचा. आमच्याकडे विमा कंपनी निवडायची पद्धत नाही. आमच्याकडे मामा आहेत. मामा म्हणजे बायकोचे सख्खे मामा, सत्तरीचे, विम्याचे एजंट. ते येतात, पोहे खातात, गेल्या वर्षीच्याच कागदावर नवी तारीख पडते. इंटरनेटवर स्वस्त मिळतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही बोलत नाही. मामांना डावलून विमा काढणं म्हणजे लग्नात त्यांना पत्रिका न देणं.

पण यंदा घरात एक नवी गोष्ट झाली होती. बायकोला लायसन्स मिळालं होतं.

ती भांडुपच्या एका शाळेत शिकवते. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तिने मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं, आणि ते हौस म्हणून नाही. माझ्या सासूबाई घाटकोपरला एकट्या राहतात. हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा व्यायामाला यायला सांगितलं. रिक्षात पाय दुमडून बसणं त्यांना जमत नव्हतं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि घरी आल्यावर काही दुखलं नाही म्हणायच्या. हळूहळू आठवड्यातून दोनदाचं एकदा झालं, मग एखादा आठवडा चुकायला लागला. पाय काही सरळ होईना. बायकोची शाळा दुपारी एकला सुटते. गाडी खाली उभी. मी मरोळला. गणित अगदी सोपं होतं, आणि ते मी सोडून सगळ्यांना सुटलं होतं.

लायसन्स हातात आलं त्या दिवशी तिने चावी मागितली. तेव्हा मी तिला जे सांगितलं, ते आता लिहितानाही मला खुर्चीत नीट बसवत नाही. मी म्हणालो, विमा माझ्या नावावर आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणी चालवली आणि काही झालं तर कंपनी हात वर करते. हे मी कुठे वाचलं होतं, देव जाणे. बहुधा कुठेच नाही. पण बोलताना माझा आवाज इतका जबाबदार निघाला की मलाच ते पटलं. मी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात आहे. माझ्या सहीशिवाय तिथे झाडूदेखील येत नाही, त्यामुळे कागदपत्रांतलं मला कळतं असा घरात समज आहे. तिने लायसन्स पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, “मग नवीन विमा काढशील तेव्हा माझंही नाव घाल.”

मी म्हणालो, बघू.

मामा आले. पोहे झाले, लिंबू पिळून झालं. मामांनी पिशवीतून कागद काढला आणि यंदा काय काय घ्यायचं ते विचारलं, कारण गाडी सहा वर्षांची झाली की नुसती तारीख बदलून चालत नाही. सगळ्यात स्वस्त म्हणजे थर्ड पार्टी. कायद्याने तो घ्यावाच लागतो. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर कंपनी भरते, आपल्या गाडीचं काही झालं तर आपणच कपाळाला हात लावायचा. त्याच्या वर पूर्ण विमा, ज्यात आपली गाडीही येते. आणि त्याच्याही वर झिरो डेप. मामांनी ते समोरच्या बशीवरून समजावलं. पूर्ण विम्यातसुद्धा कंपनी म्हणते, तुमचा बंपर जुना होता, म्हणून नव्याची अर्धीच किंमत देऊ. झिरो डेप घेतला तर जुन्याच्या बदल्यात नवा, त्याची पूर्ण किंमत. मग पुराच्या पाण्याने इंजिन बिघडलं तर त्याचं वेगळं, चावी हरवली तर तिचं वेगळं.

मी ऐकता ऐकता सोफ्यावर बसलेल्या स्वतःचा हिशेब करत होतो. चोपन्न वर्षं, गुडघे, चष्मा, पोट. घसारा धरला तर कुठलीही कंपनी मला निम्म्या किमतीतही घेणार नाही. घरच्यांनी झिरो डेपवर चालवून घेतलंय म्हणून दिवस निघतायत.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, “मामा, माझं नाव घालायला वेगळे पैसे पडतात का?”

“कसलां नाव?”

“मी चालवणार असेन तर.”

मामांनी चहाचा घोट घेतला. ते चिडले, दमले किंवा फार खूश झाले की मालवणीत जातात. म्हणाले, “गो, इमो गाडयेचो असता, डायवराचो नाय. लायसन असला की कोणीय चलव.”

म्हणजे विमा गाडीचा, चालवणाऱ्याचा नाही. बायकोने कप मामांच्या पुढ्यात ठेवला. माझा कप तिच्या हातातच राहिला. ती तो घेऊन आत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात कप नव्हता. मामा जाताना मला म्हणाले, “जावईबापू, शनिवारपर्यंत पैसे भरा म्हणजे झालं,” आणि मी जोरात मान हलवली, जशी शाळेतली मुलं हेडमास्तरांसमोर हलवतात.

ते गेल्यावर ती एवढंच म्हणाली, “चार महिने आई रिक्षातून जातेय.”

शहाण्या माणसाने त्या क्षणी खुंटीवरची चावी काढून तिच्या हातात दिली असती. पण मी खरेदी खात्यातला माणूस. आमच्याकडे अडचण आली की तुलना-तक्ता करतात. तीन कोटेशनं मागवायची, उभ्या रकान्यांत भाव, आडव्या ओळींत फायदेतोटे, खाली शेरा. मी म्हणालो, तू चालव, जरूर चालव, पण मग किती विमा घ्यायचा ते नीट ठरवलं पाहिजे, घाई नको. आणि डायनिंग टेबलवर कागद पसरून बसलो.

बुधवार गेला, गुरुवार गेला. कधी वाटायचं, थर्ड पार्टी बस झाला, गाडी रविवारपुरतीच तर निघते. मग पावसाळा आठवायचा, आमच्या गल्लीत पाणी भरतं ते आठवायचं, आणि इंजिनाचा रकाना वाढायचा. झिरो डेप घेतला तर हप्ता किती वाढतो, तो वाढलेला हप्ता पन्नास टक्क्यांनी किती उतरतो, बोनस गेला तर किती चढतो. खरं सांगायचं तर पैशांचा फरक इतका नव्हता. आम्ही चौपाटीवर दोनदा जेवलो तरी तेवढा खर्च होतो. प्रश्न पैशांचा नव्हताच. बायकोने गाडी चालवली, तिने कुठेतरी घासली, आणि तिने ‘क्लेम कर’ म्हटलं, तर माझ्या पन्नासाचं काय होईल, हा प्रश्न होता. तो लिहायला तक्त्यात रकाना नव्हता. म्हणून मी शेजारी दुसरी यादी केली. गाडीला असलेले धोके.

ती यादी मुलीच्या हाती लागली. मुलगी कॉलेजला जाते आणि घरातला कुठलाही कागद मोठ्याने वाचते, अगदी औषधाच्या खोक्यावरचासुद्धा.

“पूर. चोरी. नारळाचं झाड. उंदीर.” ती थांबली. “आई.”

बायको कांदा चिरत होती. चिरणं थांबलं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तू आईला उंदरानंतर टाकलंयस.”

मी सांगायचा प्रयत्न केला की यादी महत्त्वाच्या क्रमाने नाही, सुचत गेलं तसं लिहिलं. उंदीर खरोखर वायरी कुरतडतात, बी विंगमध्ये दोन गाड्या बंद पडल्यात. बायकोने सुरी ठेवली, येऊन यादी बघितली आणि विचारलं, “क्रम वरून खाली आहे की खालून वर?”

मी म्हणालो, क्रमच नाही.

“नाही, म्हणजे उंदीर माझ्यापेक्षा बरा की वाईट, एवढंच कळलं तर मला वागायला सोपं जाईल.”

त्यानंतर तिने चावीचा विषय काढला नाही. तिने लायसन्स पर्समधून काढून कपाटाच्या लॉकरमध्ये मंगळसूत्राच्या डबीशेजारी ठेवलं. ते मी बघावं म्हणून ठेवलं नव्हतं, पण मी बघितलं. शुक्रवारी ती आईला घेऊन रिक्षाने व्यायामाला गेली आणि आल्यावर तिने मला काय झालं तेही सांगितलं नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणात माझी थोडीफार प्रॅक्टिस आहे.

आणि मी, तुलना-तक्त्याचा बादशहा, शनिवारी पैसे भरायचे विसरलो.

विसरलो असंही नाही. आयुर्विम्याचा हप्ता चुकला तर वर थोडे दिवस देतात, तसे इथेही देत असतील असं मी धरून चाललो होतो. रविवारी सकाळी मामांना फोन केला, तर ते थेट मालवणीत गेले. त्यांचं बरंचसं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. सार असं, की विमा संपला म्हणजे संपला. गाडी रस्त्यावर काढायची नाही. बोनस लगेच जात नाही, पण कंपनी आता गाडी बघितल्याशिवाय नवा विमा देणार नाही. व्हिडिओ कॉल येईल. उजेडात गाडी चारही बाजूंनी दाखवायची. जे आधीचं नुकसान असेल ते त्यांच्याकडे लिहून राहील, म्हणजे उद्या त्याच्यावर कुणी पैसे मागू नयेत.

“तुमच्या गाडयेक काय धाड भरली हा?” मामा म्हणाले. “सहा वर्षांत एक ओरखडो नाय.”

मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

सोमवारी सुट्टी टाकली. कॉल सकाळी अकराचा होता. मी गाडी इमारतीखालून काढून कंपाउंडमध्ये उन्हात आणली. सोसायटीच्या आत चालतं, असं मामांनी सांगितलं होतं. इंजिन चालू करून दाखवायला कुणीतरी आत बसणं भाग होतं, त्यामुळे फोन धरायला बायको आली. शाळेला सुट्टी लागली होती. माझ्याशी ती अजूनही कामापुरतंच बोलत होती, पण फोन धरणं हे काम होतं.

कंपनीची बाई स्क्रीनवर आली. कानाला हेडफोन, मागे पांढरी भिंत. सुरुवातीला हिंदीत बोलत होती. नंबरप्लेट दाखवा, काच दाखवा, काचेवर टिचकी मारून दाखवा. मग बायकोच्या तोंडून ‘अगं बाई, ऊन किती आहे’ असं निघालं आणि कंपनीची बाईही मराठीत आली. अगदी गोड, घरातल्या मुलीसारखी. गाडी छान ठेवलीय म्हणाली. मी काच खाली करून कॅमेऱ्याकडे बघून हसलो.

“मॅडम, डावीकडे चला. हां. हा गणपती जरा जवळून दाखवा.”

बायकोने फोन जवळ नेला. “यांनी आणलाय,” ती म्हणाली. आवाजात थोडा अभिमानही होता. एवढ्या सगळ्यानंतरही होता, हे मला आज आठवलं की कसंसंच होतं.

“छान आहे. पण मॅडम, पोटाच्या इथे आत गेल्यासारखा का दिसतोय?”

मी दरवाजा उघडून बाहेर आलो. उन्हाने स्टिकर आकसतो, असं काहीतरी म्हणालो. बाई म्हणाली, “सर, तो स्टिकर काढता का? खाली काय आहे ते बघावं लागेल.”

मी म्हणालो, देवाचा आहे.

“हो सर. हळूच काढा.”

आयुष्यात काही प्रसंग असे येतात की माणसाने बेशुद्ध पडावं. मला ते कधी वेळेवर जमलेलं नाही. मी नखाने कोपरा उचलला. सहा वर्षांचा स्टिकर, चरचरत निघाला. खाली तळहाताएवढा खळगा, आणि खळग्यात खांबाचा पिवळा रंग. गाडी घेतली त्याच महिन्यात आमच्याच खांबावर आपटून, आमच्याच जागेत, रिव्हर्स घेताना मी पाडला होता तो. तेव्हा भरपाई मागितली असती तर पहिल्याच वर्षी बोनस गेला असता. स्टिकर स्वस्त पडला.

बायकोने खळगा बघितला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, “ताई, अजून तीन आहेत. सगळेच काढायला सांगू का?”

स्वस्तिकाखाली बंपर फाटलेला. हा घाटकोपरच्या एका मॉलच्या पार्किंगमधला, उतारावर. ‘कुलदैवत प्रसन्न’च्या खाली डिकीला आडवी घडी. बसचा संप होता त्या दिवशी मी गाडी मरोळला नेली होती आणि मागे घेताना शहाळ्याच्या हातगाडीवर घातली. हातगाडीला काही झालं नाही. नुकसानभरपाई म्हणून शहाळेवाल्याने मला उभं करून चार शहाळी प्यायला लावली आणि चारांचे पैसे घेतले. बायकोने प्रत्येक स्टिकरला विचारलं, “हे कुठे?” आणि मी प्रत्येकाचं सांगत गेलो. कंपनीची बाई लिहून घेत होती. ओल्या कपड्यांची बादली घेऊन पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या आणि कपडे वाळत न घालताच उभ्या राहिल्या.

उरला ‘आईचा आशीर्वाद’.

हा मला काढवेना. कारण हा स्टिकर पहिल्यांदा बघितला तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना वाटलं, जावयाने आपल्यासाठी लावला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. तसा त्यांचा त्या स्टिकरशी संबंध होताच. त्यांच्या सोसायटीचं गेट अरुंद आहे आणि त्याच्या डाव्या-उजव्या खांबांपैकी उजवा मी घेतला होता. चाकावरचा लांब ओरखडा झाकायला तेवढा लांब मजकूर दुकानात दुसरा नव्हता. ‘हॉर्न ओके प्लीज’ होता, पण तो ट्रकचा.

“काढ,” बायको म्हणाली.

काढला. ती ओरखड्याकडे बराच वेळ बघत राहिली. फोन तसाच धरलेला होता, त्यामुळे कंपनीची बाईही बघत राहिली.

“म्हणजे दर दसऱ्याला,” बायको हळू आवाजात म्हणाली, “मी तुझ्या ओरखड्यांना हळदकुंकू वाहत होते.”

मी म्हणालो, भाव महत्त्वाचा असतो. हे बोलायला नको होतं. फोनमधून फुसकन आवाज आला. कंपनीच्या बाईने खोकल्यासारखं केलं आणि म्हणाली, सर, चार जुनी नुकसानं नोंदवली आहेत, त्यांची भरपाई मिळणार नाही, बाकी ठीक आहे. मग थोडं थांबून तिनेच सांगितलं की मागच्या वर्षांत क्लेम नसल्यामुळे नो क्लेम बोनस पन्नास टक्के कायम राहील. अभिनंदन, असंही म्हणाली. तिला तसं म्हणायला शिकवलं असणार.

कॉल संपला. बायको हसायला लागली. गाडीला टेकून, डोळे पुसत, फोन पोटाशी धरून. मला वाटलं सुटलो. मग ती थांबली आणि तिने मामांना फोन लावला. मला विचारलंदेखील नाही. पूर्ण विमा, झिरो डेप, इंजिनाचं पण घ्या, म्हणाली. चावीचं? ते नको, चावी माझ्याकडेच असणार आहे. माझा पाच दिवसांचा तुलना-तक्ता तिने चाळीस सेकंदांत निकालात काढला. फोन ठेवून तिने हात पुढे केला.

मी चावी दिली. देताना मी म्हणालो, “सांभाळून हं, घाटकोपरचं गेट अरुंद आहे.”

“दिसतंय,” ती ओरखड्याकडे बघून म्हणाली.

नवा विमा दुसऱ्या दिवशी आला. गुरुवारी ती निघाली, आणि पहिल्या दिवशी मी बरोबर असावं असं तिलाच वाटलं म्हणून मी अर्धी रजा टाकली. मुलुंड ते घाटकोपर एलबीएस रोडवरून मी डाव्या सीटवर बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत गेलो. नाहूरपर्यंत माझी पोटरी आखडली. भांडुपच्या सिग्नलला ती म्हणाली, “तुझा पाय उचल, मला भीती वाटते तुझी.” गेटाशी आल्यावर तिने मला उतरवलं आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. मी ट्रॅफिक पोलिसासारखे हात करायला लागलो. तिने काच खाली केली. “हात खाली.” मग दोन्ही आरसे मिटले, एकदा पुढे, एकदा मागे, आणि गाडी दोन्ही खांबांच्या मधून आत गेली. उजवीकडे चार बोटं अंतर होतं. मी मोजलं.

सासूबाई काठी टेकत खाली आल्या. पुढच्या सीटवर बसल्या, पाय लांब केला, आणि व्यायामाच्या जागेपर्यंत सारख्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, जणू घाटकोपर त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मला मागे बसवलं होतं. मध्येच त्यांनी विचारलं, तो आईचा आशीर्वाद कुठे गेला. बायको आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, “ह्यांना विचार.”

मी खरं सांगितलं. सगळं नाही, त्यांच्या गेटाचं तेवढं. सासूबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाल्या, “तरीच वॉचमन त्या खांबाला नवा रंग द्यायचे पैसे मागत होता. मी दिले.”

आता बायको त्यांना आठवड्यातून दोनदा घेऊन जाते, एकही वार चुकत नाही. सासूबाईंचा पाय बराचसा सरळ झालाय.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी घरी होतो. दार उघडून ती आत आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, “विक्रोळीला टेम्पोला लागली. माझी चूक. डावा दिवा फुटला, बंपर गेला. कुणाला काही झालं नाही, आई ठीक आहे. मामांना कळवलंय, गाडी उद्या वर्कशॉपला जातेय.” मग तिने चपला काढल्या आणि पाणी प्यायला आत गेली.

मी सोफ्यावर बसून राहिलो. मला एवढंच सुचत होतं की असंही करता येतं. लागली की घरी येऊन सांगायचं.

मग पन्नास टक्के आठवले. मी आत जाऊन म्हणालो, तसा दिवा बाजारात स्वस्त मिळतो, आणि बंपर आधीच स्वस्तिकाच्या जागी फाटलेला होता, तर यावेळी क्लेम नाही केला तर… ती ग्लास तोंडाला लावून माझ्याकडे बघत राहिली.

झिरो डेप असल्यामुळे दिवा नवाकोरा मिळाला. बंपरच्या बाबतीत कंपनीने जुन्या फाटलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. कोपऱ्याचा वाटा माझ्या खिशातून गेला, आणि तो मी एक शब्द न बोलता दिला. बोनस शून्यावर आला. विजेचं मीटर आणि गॅसचं कनेक्शन अजून माझ्या नावावर आहे.

दसऱ्याला तिने गाडीला हार घातला. नवा बंपर सोडला तर बाकीच्या तीन जागी स्टिकरांचा डिंक राहिलाय आणि त्याच्यावर धूळ बसून त्यांचे आकार अजून दिसतात; रॉकेल लावून पुसायचं माझ्याकडे लागलंय. हळदकुंकवाचं तबक घेऊन ती गाडीभोवती फिरली. दरवाजाजवळ आल्यावर तिने खळग्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “इथे वाहू की तुला?”

मी कपाळ पुढे केलं.